रिकामा हौदा

मिनियापोलिसमध्ये दर जानेवारीत आम्हा मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम असतो. स्पीकर, घडीची टेबलं आणि जेवणाचे मोठे ट्रे शाळेच्या हॉलपर्यंत न्यायचं काम माझ्याकडे असतं, कारण पिकअप माझ्याकडे आहे. हे काम मी आवडीने करतो. पण सामान उतरवून हात झटकतो न झटकतो तोच कोणीतरी येऊन विचारतं, "अजून टू-व्हीलच? फोर-बाय-फोर घेऊन टाक की एकदाची!" बोलणारा प्रेमानेच बोलतो. तरी त्या वाक्याचा मला राग येतो, कारण ते चुकीचं आहे आणि चुकीचं असूनही सगळीकडे खरं धरून चाललेलं आहे.

टू-व्हील-ड्राइव्ह म्हणजे इंजिनाचा जोर फक्त दोन चाकांना मिळतो. बहुतेक पिकअपमध्ये ती दोन चाकं मागची. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन, माणसं हा सगळा भार पुढे, आणि मागे रिकामा हौदा. म्हणजे गाडी ढकलायचं काम ज्या चाकांचं, त्यांच्यावरच वजन सगळ्यात कमी. माझी गाडी 2004 सालची आहे. चाक घसरलं की आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती नाही. शिवाय डिफरन्शियल साधं आहे. एका मागच्या चाकाखाली बर्फ आला की ते जागच्या जागी गरगर फिरतं, आणि दुसरं चाक कोरड्या डांबरावर असलं तरी त्याच्या वाट्याला तेवढाच अपुरा जोर येतो. हे सगळं मला मान्य आहे. लाकूडकामाला आठ बाय चारचं प्लायवुड आडवं टाकता यावं म्हणून मी ही गाडी घेतली, तेव्हाच हे माहीत होतं.

त्यावरचा उपाय स्वस्त आहे. इथे नोव्हेंबर लागला की दुकानांबाहेर वाळूच्या लांबट पिशव्यांची थप्पी लागते. एकेक पिशवी 60 पौंडांची, म्हणजे साधारण 27 किलोची. मी पाच टाकतो. पण कुठे टाकायच्या ते महत्त्वाचं. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, चाकांच्या दोन उंचवट्यांमध्ये. पार मागे फाळक्याला टेकवून ठेवल्या तर मागचं वजन वाढतं, पण पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग ऐकेनासं होतं. नुसत्या ठेवूनही चालत नाही. जोरात ब्रेक लागला तर सव्वाशे किलोंहून जास्त वाळू केबिनच्या पाठीवर येऊन आदळेल. म्हणून मी दोन बाय चारच्या लाकडी पट्ट्यांची चौकट हौद्यात बसवली आहे. डिसेंबरात ओल धरून त्या पिशव्या दगडासारख्या गोठतात आणि हौद्याच्या पत्र्याला चिकटतात. मार्चपर्यंत त्या हलत नाहीत. म्हणून एक सहावी पिशवी केबिनमध्ये सीटमागे कोरडी ठेवतो. गाडी अडकली तर चाकाखाली टाकायला तीच वाळू कामाला येते.

आमच्या कोकणातही हेच बघत मी मोठा झालो. पावसाळ्यात लाल चिखलात रिकामा टेम्पो रुतायचा आणि खताची पोती भरलेला टेम्पो त्याच वाटेने वर निघून जायचा. तेव्हा कोणी टेम्पो बदलायला सांगत नव्हतं. मागे चार माणसं उभी करायचे.

एकाने तर मला सांगितलं, "वाळू कशाला? हौद्यात पडलेला बर्फच राहू दे, तेवढंच वजन." भुसभुशीत बर्फाला वजन फारसं नसतं. आणि हायवेवर तो उडून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. टपावरचा बर्फ न झाडता, समोरच्या काचेत ताटाएवढं भोक पाडून निघणारे लोक मी रोज बघतो. दोन मिनिटं ब्रश फिरवायचा कंटाळा, आणि त्यापायी मागचा माणूस काही क्षण आंधळा होतो. ह्याला निष्काळजीपणा हा शब्दही सौम्य आहे.

आता टायर. माझी खरी तक्रार इथे आहे. ऑल-सीझन हे नावच फसवं आहे. पारा सात अंश सेल्सियसच्या खाली गेला की त्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड कमी होते. इथे जानेवारीत उणे 20 सहज होतं. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं. त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. क्यूबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च असे टायर कायद्यानेच लावावे लागतात. आमच्या मिनेसोटात तशी सक्ती नाही, आणि माझ्या मते असायला हवी.

पहिल्या वर्षी मी टायरच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "रिअर-व्हील आहे ना, मग मागे दोनच लावा, पैसे वाचतील." मी ऐकलं. पंधरा दिवसांत, आमच्याच गल्लीच्या वळणावर, मी स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि गाडी सरळ गेली. वेग सायकलीपेक्षा जास्त नव्हता. उजवं चाक फुटपाथच्या कडेला लागलं, रिम वाकली. मागची चाकं ढकलत होती, पण वळवायचं काम पुढच्यांचं, आणि ब्रेकचाही मोठा वाटा पुढच्यांवरच पडतो. हिवाळी टायर चारही लावायचे असतात. ज्याचा धंदाच टायरचा आहे, त्याने तरी हे सांगायला नको का? दुसऱ्या दिवशी उरलेले दोन टायर आणि एक रिम घेतली.

फोर-बाय-फोरवाल्यांनाही मला हेच सांगायचं असतं. चार चाकांना जोर मिळाला की गाडी निघते चांगली. थांबायच्या वेळी मात्र काहीच फरक पडत नाही. ब्रेक माझ्याही चारही चाकांना आहेत. सुटताना गाडीने इतकी साथ दिली की रस्ता निसरडा आहे हेच माणूस विसरतो. पहिल्या मोठ्या बर्फानंतर आय-94 हायवेने जा आणि कडेच्या चरात उतरलेल्या गाड्या बघा. त्यांत टू-व्हील पिकअप मला क्वचितच दिसते. आमचं वाहन आम्हाला पहिल्या सिग्नललाच ताकीद देतं.

बारीकसारीक त्रास वेगळेच. पारा दहा अंश फॅरनहाइट उतरला की टायरची हवा साधारण एक पौंडाने कमी होते, म्हणून थंडीच्या प्रत्येक लाटेत पंपावर उभं राहायचं. उणे नऊ अंश सेल्सियसच्या खाली साधं मीठ बर्फ वितळवायला जवळपास निकामी होतं, पण पत्रा गंजवायचं त्याचं काम वसंत ऋतूपर्यंत चालू राहतं. शहराने स्नो इमर्जन्सी जाहीर केली की तीन दिवस गाडी कधी सम, कधी विषम बाजूला हलवत बसायची. नांगर फिरवणारी गाडी गेली की घराच्या तोंडाशी गुडघाभर बर्फाचा बांध उरतो. तो ओलांडताना माझी पुढची चाकं चढतात आणि मागची हलकी चाकं खड्डा खणत बसतात. नांगरवाल्यावर माझा राग नाही, तो रात्रभर जागून रस्ता मोकळा करतो. फावडं घेऊन आधी बांध फोडायचा, मग निघायचं.

पण एका गोष्टीवर माझा राग आहे, आणि त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

मिसिसिपीच्या काठावरून वर येणाऱ्या एका रस्त्यावर, ऐन चढावर सिग्नल आहे. लाल दिव्याला थांबलो की माझ्या चाकांखालचा बर्फ गरमीने जरासा ओलसर होतो आणि लगेच काचेसारखा गोठतो. हिरवा लागल्यावर चाक एकदा जरी फिरलं, तरी ती जागा आणखी गुळगुळीत होते. अशा वेळी करायचं एवढंच असतं: गाडी दोन-तीन हात मागे सोडायची, खरबरीत बर्फावर आणायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता अंगठा टेकवल्यासारखं करत अलगद निघायचं. पण त्यासाठी मागे दोन-तीन हात जागा लागते. गेल्या फेब्रुवारीत माझ्या मागे एक मोठी एसयूव्ही इतकी चिकटून उभी राहिली की आरशात तिचे दिवे दिसेनात, नुसतं बॉनेट दिसत होतं. हिरवा लागला, माझं चाक फिरलं, एसयूव्हीवाल्याने हॉर्न दिला. दुसऱ्यांदा हिरवा लागला, तेच. मी चारही दिवे लुकलुकते ठेवून उतरलो, त्याच्या काचेवर टकटक केली आणि जरा मागे व्हायची विनंती केली. माणूस चांगला होता, लगेच मागे गेला. म्हणाला, "मला वाटलं जवळ राहिलो तर तुम्हाला आधार वाटेल." तिसऱ्या हिरव्याला मी गाडी मागे घेतली आणि एका दमात चढ चढून गेलो.

तुम्ही थंड मुलुखात गाडी चालवत असाल आणि चढावरच्या सिग्नलला पुढे रिकाम्या हौद्याची पिकअप दिसली, तर मागे एका गाडीची जागा सोडून थांबा.