सौदी अरेबियातील हफ्र अल बातिनच्या नगररचना विभागास, पुण्याच्या अनुभवावरून सविनय सादर

विषय : जुन्या बाजाररस्त्यावर झाडे लावणे व पदपथ रुंद करणे.
संदर्भ : लक्ष्मी रस्ता, पुणे.

महोदय,

जुन्या बाजारपेठेत पदपथ रुंद करणे कागदावर सोपे असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते. दिवे, बाके आणि झाडे त्याबाहेर. पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे आजीबाईंना तो चढता येतो. दुचाकीलाही येतो, ही गोष्ट वेगळी. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरणही मंजूर केले.

धोरणानंतर अंमलबजावणी येते. त्यासाठी पुण्याने काढलेला तोडगा अनुकरणीय आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद होतो. त्या दिवशी पादचाऱ्याचा सत्कार होतो. दुसऱ्या दिवशी त्याने पूर्ववत कडेकडेने, उभ्या गाड्यांमधून वाट काढावी अशी अपेक्षा असते.

व्यापाऱ्यांची हरकत कुठेही एकच असते : पार्किंग गेले की गिऱ्हाईक गेले. ती आदरपूर्वक ऐकून घ्यावी. मात्र गणेश विसर्जनाची मिरवणूक याच लक्ष्मी रस्त्यावरून चोवीस तासांहून अधिक चालते, लाखो माणसे पायी येतात, आणि तेव्हा गाडी कुठे लावायची हा प्रश्न कोणी पालिकेला विचारत नाही. अशी निरीक्षणे बैठकीत मांडू नयेत, बैठक लांबते.

पुण्यातल्याच जंगली महाराज रस्त्यावर तर पदपथ खरोखरच रुंद झाला, जुने वृक्ष जागच्या जागी राहिले, बसायला बाकेही आली. उपरोधिक पत्रात अशी नोंद करावी लागणे गैरसोयीचे आहे.

झाडांबाबत हफ्र अल बातिनची अडचण मोठी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यामुळे सावलीशिवाय रुंद पदपथ म्हणजे नुसता तवा. बोराच्या कुळातले सिद्र तिथे तग धरते. त्याला ठिबकने, शक्यतो शुद्ध केलेले सांडपाणी द्यावे. बुंध्याभोवती माती उघडी ठेवावी. भारतातली पद्धत खोडापर्यंत काँक्रीट ओतण्याची. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला ते एक मीटरपर्यंत काढायला सांगावे लागले. जलवाहिन्या आणि केबल आधी घालाव्यात, फरशी नंतर. हा क्रम उलटला की नवा पदपथ पहिल्याच वर्षी खणला जातो. या शाखेत पुण्याचे मार्गदर्शन केव्हाही उपलब्ध आहे.

हफ्र अल बातिन बसऱ्याहून मक्केला जाणाऱ्या यात्रामार्गावरच्या विहिरींभोवती वसले. त्या खोदवून घेण्याचे श्रेय सातव्या शतकातल्या अबू मूसा अल-अशअरी यांना दिले जाते. वाटसरूची सोय आधी आणि बाजार नंतर, असा क्रम तिथे एकदा लागलेला आहे. पुण्याचा सल्ला घेण्यापूर्वी जुने दप्तर तपासावे.

कळावे.

प्रत माहितीसाठी : पादचारी, लक्ष्मी रस्ता (पदपथावर आढळल्यास).