चकली ऑनलाइन विकण्यापूर्वी

घरच्या भाजणीच्या चकल्या इन्स्टाग्रामवर विकायचं ठरलं की सर्वप्रथम लोगो करून घ्यावा. कायद्याचं नंतर बघता येतं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी केली की १४ आकडी क्रमांक मिळतो. काही जण समोरच्या काकूंचाच क्रमांक छापून मोकळे होतात. काकू कितीही मायाळू असल्या तरी क्रमांक त्यांच्या स्वयंपाकघराचा असतो, एवढं ध्यानात ठेवावं. पाकिटावर ‘आजीच्या हातची चव’ हवं तेवढं मोठं छापा. मात्र २०११च्या वेष्टनाच्या नियमांना चवीत रस नाही. त्यांना तुमचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, करांसह किंमत आणि ग्रॅममधलं निव्वळ वजन हवं असतं.

किंमत मात्र प्राण गेला तरी उघड करू नये. ‘प्राइस प्लीज’ असं कुणी विचारलं की ‘ताई, इनबॉक्स केलंय’ म्हणावं. चकलीचा भाव हे जणू स्थळाच्या पगारासारखं कानात सांगायचं प्रकरण. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांना एकूण किंमत एका आकड्यात, सगळ्यांसमोर हवी असते. त्यांना गुपितांची गोडी काय कळणार!

याच नियमांनी तक्रार निवारण अधिकारीही मागितला आहे. हे पद यजमानांना द्यावं. तक्रारी शांतपणे न ऐकण्याचा त्यांचा अनुभव दांडगा असतो. फक्त ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, ही अट त्यांना लग्नात कुणी घातली नव्हती.

पार्सलमधून चुरा पोचला तर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही आपली परंपरागत पाटी फोटो काढून पाठवावी. सदोष माल परत न घेणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा ठरते, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. पाटी जुनी आहे, कायदा नवा. ग्राहक कुठलं वाचून आलाय ते आधी पाहावं.

कढईतलं तेल तापायच्या आत ‘शेवटची दोनच पाकिटं!’ अशी स्टोरी टाकण्याचा मोह होईल. ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा १३ क्लृप्त्यांची यादीच केली आहे, त्यात ही खोटी घाई आहे. नकाराच्या बटणावर ‘नको, मला पाकिटातलं बेचवच आवडतं’ असं लिहून ग्राहकाला लाजवणंही आहे.

राहता राहिले अभिप्राय. ग्राहक बनून स्वतःच्याच मालाची स्तुती विक्रेत्याने करायची नाही, असा नियम आहे. तो मोडायचाच असेल, तर निदान ‘अप्रतिम, पुन्हा मागवणार’ हे चकल्या तळून झाल्यावर लिहावं.