साढूसाहेबांच्या चरणी, एका बुडालेल्याकडून

श्री. रा. रा. साढूसाहेब, मुक्काम पुणे, यांसी मध्य प्रदेशातल्या सौंसरहून शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. डोक्यावरचं टेंगूळ बसलं, कानातलं पाणी निघालं. आपले आभार खाजगीत मानणार होतो, पण एवढे उपकार अंतर्देशीय पत्रात मावेनात, म्हणून चारचौघांत लिहितो. राग नसावा.

मागल्या पोळ्याला आपण आमच्या घरी आलात, हे आमचं भाग्य. मी संत्र्याच्या बागेतला माणूस. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. पाणी म्हणजे माझ्या लेखी बोअरचं पाणी. अशा अडाण्याला आपण चौथ्या पुरणपोळीवर तूप ओढता ओढता ज्ञान दिलंत की, शिडाची बोट चालवायला समुद्र कशाला, तळं पुरतं. आणि वारा तर फुकट! खरंच फुकट निघाला. पिकअपचं भाडं, दोरखंड आणि माझा मोबाईल एवढाच काय तो खर्च.

माघात आपण जुनी बोट घेऊन आलात. संत्र्याच्या क्रेटांवर आडवी निजलेली ती डोलकाठी सौंसरच्या बाजारातून निघाली, तेव्हा जो तो विचारत होता, "कायचा टावर हाय जी हा?" आयुष्यात प्रथमच माझ्यामागे मिरवणूक होती. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

वाटभर आपण कमांडर दिलीप दोंदे यांच्या गोष्टी सांगितल्यात. २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवर एकटे निघाले, वाटेत चार बंदरं घेतली आणि पृथ्वीला वळसा घालून २०१० च्या मे महिन्यात परत आले. असं करणारे पहिले भारतीय, आणि तेही मराठी! ऐकून छाती फुगली. ती बोट गोव्यात बांधली जात होती तेव्हापासून दोंदेसाहेब तिच्यासोबत होते, हा भाग मात्र आपण गाळलात. वेळ कमी होता, समजू शकतो.

तळ्यावर पोचल्यावर कळलं की लाइफ जॅकेट एकच आहे. ते नेमकं आपल्या मापाचं निघालं. आपण पट्टीचे पोहणारे आणि मी विहिरीत डबा बांधून पोहलेला, त्यामुळे ते आपल्यालाच शोभून दिसलं.

जाताना काय मजा आली! वारा पाठीवर, शीड फुगलेलं, बोट लोण्यातून सुरी जावी तशी. मधल्या फटीतून पाण्याचं कारंजं उडत होतं. मी विचारलं, हे काय? आपण म्हणालात, "असतं तसं." गुरूवर शंका घेऊ नये म्हणून मी ओंजळीनं पाणी उपसत बसलो.

परतताना मात्र वारा तोंडावर आला. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी चढवावी लागते, हे गुपित आपण तळ्याच्या मधोमध फोडलंत. आम्ही नागमोडी निघालो. बोट खेकड्यासारखी आडवी सरकत राहिली. अर्ध्या तासात आम्ही निघालो होतो त्याहून मागे होतो. मग आपण वैतागून सुकाणू फिरवलंत, वारा शिडाच्या मागून पलटला आणि शिडाखालची आडवी दांडी माझ्या कपाळाला भेटायला आली. "डोकं सांभाळा" असं आपण ओरडलात, हे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. दांडी लागून गेल्यावर ओरडलात, पण ओरडलात.

उलट्या बोटीला धरून आपण मला धीर दिलात. तेवढ्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा एक पोरगा आला. आमच्याकडे, मग बोटीच्या उघड्या पोटाकडे बघून म्हणाला, "काकाजी, काठावर एक पांढरी फळी पडून हाय. ते याच भोकातली तं नाही?"

साढूसाहेब, त्याचीच होती. बोटीच्या पोटातून पाण्यात खाली उतरते आणि बोटीला आडवं घसरू देत नाही, ती फळी. बोट उलटली की तिच्यावरच उभं राहून ती सरळ करतात. पिकअपची समजून आपण ती काठावर ठेवलीत. दोरी त्या पोरानं बांधली, आणि त्या फुगवलेल्या ट्यूबनं आपल्या फायबरच्या बोटीला काठाला आणलं.

आपलं म्हणणं खोटं नव्हतं, याचाच मला जास्त त्रास होतो. तळं खरंच पुरतं. पुढे एका लग्नाला भोपाळला गेलो आणि बड्या तलावाच्या काठी दोन तास उभा राहिलो. याच पाण्यावर शिकून हर्षिता तोमरनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणलं, देवासकडच्या नेहा ठाकूरनं २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्य. समुद्र नसलेल्या आमच्या मध्य प्रदेशच्या पोरी! जेमतेम २.३ मीटरच्या ऑप्टिमिस्ट बोटींत दहा-बारा वर्षांची पोरं होती. आपली बोट आपणच उलटवायची, फळीवर चढून सरळ करायची, पुन्हा उलटवायची, असं चाललं होतं. एकाला विचारलं, तर म्हणाला, "पहले उलटाना सीखो, अंकल." पदवीधर झाल्यासारखं मी मान डोलावली. उलटणं मला येत होतं.

आपण लावलेला नाद काही सुटत नाही. यंदा पोळ्याच्या करीला पांढुर्ण्यात गोटमारीला गेलो. जाम नदीच्या पात्रात पळस रोवलेला, वर झेंडा, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधे दगडांचा पाऊस. आणि मी झेंडा कुठं फडकतो ते बघत वाऱ्याची दिशा ताडत उभा. शेजारचा खेकसला, "भाऊ, झेंडा नको पाहू, गोटा पाह्य!"

येत्या माघात पुन्हा यावं, ही विनंती. लाइफ जॅकेटं दोन आणावीत.

आपला आज्ञाधारक,
धाकटा साढू

ता. क. ती फळी माझ्याकडेच आहे. सासूबाई तिच्यावर सांडगे घालतात. वाळले की कळवतो.