शिखराची उंची

आमच्या चारठाण्यात नुसत्या डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर कुणाचं भागत नाही. जिंतूर तालुक्यातल्या या गावात एकेकाळी ३६० देवळं आणि तितक्याच बारवा होत्या, असं सांगतात. आज धड उभी असलेली देवळं बोटांवर मोजून होतील, पण सांगणाऱ्याच्या आवाजात ३६०मधलं एकही कमी होत नाही. गोकुळेश्वराच्या वाटेवर एखादे आजोबा काठी उचलतात, रिकाम्या जागेवर रोखतात आणि म्हणतात, "हितं मंडप व्हता." आपण नकळत मान वर करतो, खांबांमधून वाट काढावी तसे जरा अंग चोरूनही चालतो. गावातला तो उंच कोरीव स्तंभही असाच एकटा उभा आहे. कुणी त्याला दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ. पाहुण्याला दगड दिसतो. आमच्या लोकांना त्याच्या भोवतीचा सगळा बारदाना दिसतो, माणसांच्या गर्दीसकट.

अशा गावात माझा भाचा दिवाळीला पुण्याहून आभासी जग दाखवणारा, डोळ्यांवर चढवायचा डबा घेऊन आला. वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. एवढ्या वजनाला तो हलका म्हणत होता, आणि इतिहास पाहता त्याचं खरंच होतं. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँडनं असलं यंत्र बनवलं तेव्हा ते माणसाच्या मानेला पेलवेना, म्हणून छताला टांगावं लागलं. त्यातून दिसायचं काय, तर हवेत तरंगणारी, नुसत्या रेघांची आकृती. त्याच्याही आधी, १८३८मध्ये, व्हीटस्टन नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं होतं की दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रं दिली की मेंदू त्यांची सोयरीक जुळवून मध्ये खोली निर्माण करतो. सगळी माया एवढ्यावरच उभी आहे. आपल्याकडे कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२मध्ये काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलवली आणि त्या खेळाला 'शांबरिक खरोलिका' असं भारदस्त नाव दिलं. त्या नावापुढे भाच्याच्या डब्याचं इंग्रजी नाव मला फारच पोरकट वाटलं.

मी डबा घातला आणि होडीत बसलो. पाणी हललं, होडी हलली, मी मात्र ओसरीवर स्थिर. डोळे म्हणाले निघालो, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणाला मी तर इथंच आहे, आणि दोघांच्या भांडणात पोट मध्ये पडलं. मी उतरलो. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

माय मात्र रमली. आधी भाच्यानं तिला ओसरीच खरी दिसेल आणि तिच्यावर खोटं जनावर उभं राहील, असं काहीतरी लावून दिलं. तुळशीजवळ डायनोसॉर आला. माय घाबरली नाही. "त्याला जरा बाजूला बशीव बाबा, येता-जाता कुणाचा पाय लागंल," एवढंच म्हणाली. मग कुठलंसं दक्षिणेतलं देऊळ लागलं. तिनं त्या डब्याच्या पट्ट्यावरून पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि मला विचारलं, "सुटे हायेत का रं?" मी खिसा चाचपला, आणि पैसे हातात आल्यावर ते टाकायचे कुठे, हे मला कळेना. ती दोन पावलं पुढे गेली तशी यंत्रानं आपली हद्द दाखवणारी निळी जाळी समोर धरली; पुढे भिंत आहे, आपटाल, असा त्याचा अर्थ. मायनं तिचा अर्थ असा घेतला की पुजाऱ्यानं गाभाऱ्याचं दार ओढून घेतलंय. ती तिथेच उभी राहिली, शांतपणे. जन्मभर ती देवळांच्या बंद दारांपुढे अशीच थांबली होती आणि कधी ना कधी ती दारं उघडली होती. "आज्जी, मागं सरक, जाळी जाईल," भाचा सांगत होता. दर्शन घ्यायला आलेल्या बाईला मागे सर म्हणणं मला काही बरं वाटलं नाही.

त्या देवळात सगळं जागच्या जागी होतं. एकही फांदी फटीतून उगवलेली नव्हती, एकही मूर्ती नाकानं भंगलेली नव्हती. इतक्या भरल्या ताटात पाहणाऱ्यानं आपलं काही वाढायला जागाच नसते, आणि मला वाटतं, मी लवकर कंटाळलो तो त्यामुळे. पोटाचं निमित्त झालं. मायला कंटाळा आला नाही, कारण सुटे पैसे तिनं स्वतःच्या पदरचे वाढले होते.

पोरगा हुशार आहे. आपण आपल्याच गावाचं एखादं देऊळ यात पुन्हा उभं करू, म्हणाला. चहूबाजूंनी, एकावर एक येतील असे शेकडो फोटो काढायचे, त्यांवरून संगणक दगडांचा आकार बांधतो. त्यानं भर उन्हात फोटो काढलेही. पडून गेलेलं शिखर तेवढं अंदाजानं चढवायचं होतं. त्यासाठी तो पारावर गेला आणि फसला. एक आजोबा म्हणाले शिखर स्तंभाहून उंच होतं. दुसरे म्हणाले, छे, स्तंभाच्या निम्मं. तिसऱ्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं की ते बांधून पुरं झालंच नव्हतं. यांपैकी कुणीही ते पाहिलेलं नाही, आणि तिघांनाही ते स्वच्छ दिसतं. यंत्राला मात्र एकच आकडा लागतो. तीन चहा झाले, आकडा ठरला नाही, भाचा पुण्याला गेला.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत चारठाण्याच्या देवळांचा एखादा जुना फोटो पडून असेल, तर तो एकदा बाहेर काढा. शिखर त्यात नसलं तरी चालेल. ते सांगायला पारावर माणसं आहेत.