पगारी पर्यटन

सुट्टीत काय पाहावे, याबाबत गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या कर्मचारीवर्गात मतभेद नाहीत, हे समाधानाने नमूद करावेसे वाटते. गणपतीपुळे, हर्णै, तारकर्ली. ‘महाराष्ट्र दर्शन’ रजा प्रवास सवलत मंजूर झाली, की जो तो अनुभवी माणूस शिफारस करतो: सूर्यास्त बघा, सोलकढी प्या, चपला हातात घेऊन पाण्यात फोटो काढा. दर्शन घ्यायचा महाराष्ट्र समुद्राला लागूनच असतो, हे योग्यच आहे.

धानोऱ्यात पाहण्यासारखे आहे तरी काय? इथल्या लेखा-मेंढा गावाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पण ग्रामसभेसोबत सेल्फी काही खास येत नाही. चैत्रात भल्या पहाटे मोहाखाली फुलांचा पिवळट सडा पडतो, टोपली घेऊन बाया वेचत असतात. पण लाट नाही. खाली सिरोंच्याकडे वडधमला जीवाश्म आहेत, मात्र डायनासोर प्रदीर्घ रजेवर.

शासनाने ही उणीव ओळखून धानोऱ्यासाठी स्वतंत्र पर्यटन योजना राबवली आहे: बदली. कोकणात पाहुणा पदरचे पैसे मोजतो; इथे त्याला एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. इतका उदार रिसॉर्ट जगात नसेल. तरीही पाहुणा पोहोचण्याआधीच आरक्षण रद्द करायला मंत्रालयात बसलेला असतो.

या अनुभवाचा लाभ कोकणालाही मिळावा. तिथली गर्दी आवरत नाही म्हणतात. उपाय सोपा आहे: तारकर्लीला जाण्याचे लेखी आदेश काढावेत. आठवडाभरात वैद्यकीय प्रमाणपत्रांचा ढीग पडेल: ‘समुद्राची हवा मानवत नाही.’