पायऱ्या आहेत ना!

कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यानं गाडीनं जायचं ठरलं, की घरात याद्या होतात. कुठल्या खाणावळीत कुठला मासा, कुठे आदल्या दिवशी सांगून ठेवल्याशिवाय मोदक मिळत नाहीत, कुठल्या खाडीवरची शेवटची बोट किती वाजता सुटते. या याद्यांत बुटांचा उल्लेख नसतो, आणि असायचं कारणही नाही. किनाऱ्याची सहल हा मुळात बसण्याचा कार्यक्रम आहे. गाडीत बसायचं, वाळूत बसायचं, पानावर बसायचं. खाडी आली तर गाडीच बोटीत जाऊन बसते आणि आपण गाडीत बसून राहतो. एवढं निगुतीनं बसायला दुसऱ्या कुठल्या सहलीत मिळत नाही.

या रस्त्याचा स्वभावच तसा आहे. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्या समुद्राला मिळताना ऐसपैस खाड्या करतात आणि दर खाडीपाशी रस्ता अडतो. जिथे पूल झाला तिथे पूल, नाही तिथे गाड्या पलीकडे नेणारी जंगलजेटी. रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी मार्ग व्हावा, हे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचं स्वप्न. त्यांचं मुख्यमंत्रिपद 1982 च्या जानेवारीत गेलं. रस्ता अजून व्हायचा आहे. व्हावा की होऊ नये, याबद्दल माझं मत बोटीवर असताना एक असतं आणि बोटीच्या रांगेत असताना दुसरं.

तर आम्ही चौघं निघालो होतो. मी, ही, हिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मेहुणा पुण्याचा. दर रविवारी पहाटे सिंहगड चढणारा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन दहाच्या आत घरी येणारा. भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत घातली. ही मांडव्याची रो-रो 2020 साली सुरू झाली, आणि तेव्हापासून अलिबागला जाणाऱ्या मुंबईकराला वडखळचा नाका विसरता येतो. तासाभरात मांडवा. तिथून नागावला मुक्कामाच्या घरी जेवायला पोचायचं होतं, पण हाताशी सकाळ उरत होती. घरमालकांना फोन केला, तर त्यांनीच सुचवलं, "वाटेवर कनकेश्वर आहे की. करून या." चढ आहे का, असं हिनं विचारलं. "छे हो! पायऱ्या आहेत ना! आमची आई दर सोमवारी जाते."

पायऱ्या आहेत म्हटल्यावर माणसाचं समाधान का होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. पायरी म्हणजे चढच. फक्त कुणीतरी तो आधी मोजून ठेवलेला असतो. आणि कोकणात ती मोजणीही एकमतानं होत नाही. पायथ्याच्या मापगावात एकानं सातशे पायऱ्या सांगितल्या, दुसऱ्यानं साडेसातशे, आणि तिसऱ्यानं "मोजू नका, दमायला होतं" असा सल्ला दिला. तिघांत खरा जाणकार तोच. डोंगर सुमारे 1,200 फुटांचा. घरातल्या जिन्याची पायरी सहासात इंचांची असते. त्या हिशेबानं एवढ्या उंचीला दोन हजारांवर पायऱ्या लागायला हव्यात, आणि पायथ्याच्या उंचीची थोडी सूट दिली तरी सातशेत काही भागत नाही. मग उरलेल्या पायऱ्या गेल्या कुठे? त्या पायऱ्यांच्या मधल्या फरसबंदी चढणीत दडलेल्या असतात, आणि तिथे त्यांची मोजदाद कुणी करत नाही. हा हिशेब मला वर पोचल्यावर सुचला. खाली असताना मेहुण्याचा हिशेब चालू होता. "सिंहगडाच्या निम्मं म्हणजे काहीच नाही, ताई. अर्ध्या तासात वर, वीस मिनिटांत खाली."

अर्ध्या तासानंतर तो एका आंब्याखाली बसला होता आणि त्याचा शर्ट पिळून काढण्याजोगा झाला होता.

सिंहगडाची निंदा करायची नाही, पण त्याला वारा आहे. पहाटेचा गारवा आहे, पुण्याची कोरडी हवा आहे. कोकणात कार्तिक महिन्यात सकाळी दहा वाजता हवा अंगाला चिकटते. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही, हे शाळेत शिकलेलं शास्त्र तिथे पाठीवरून वाहत खाली येतं. शिवाय देशावरचे डोंगर आपल्याला आधीच दोन हजार फूट वर आणून सोडतात आणि मग चढायला सांगतात. समुद्रकाठचा डोंगर शून्यापासून सुरू होतो. त्याचे 1,200 फूट म्हणजे जवळजवळ रोख 1,200 फूट.

ही पायऱ्यांची पाखाडी बांधली 1764 च्या सुमारास, राघोजी आंग्र्यांच्या दिवाणांनी. काम चोख आहे. अडीचशे पावसाळे खाऊनही दगड जागचा हललेला नाही. माझी शंका एवढीच की दिवाण स्वतः वर कसे जात असतील. पालखीत बसलेल्या माणसाला पायरी किती उंच असावी याचा अंदाज येणं कठीण, आणि इथल्या काही पायऱ्या पाहून मला तसं वाटलं. अर्थात त्यांच्याबद्दल पुरावा काही नाही. दम लागलेला माणूस इतिहासाचं संशोधन असंच करतो.

खरा प्रश्न दमण्याचा नव्हताच, इभ्रतीचा होता. तोरणा चढताना दमलात तर त्यात मान आहे. राजगड, हरिश्चंद्रगड, अलंग, मदन, कुलंग ही नावं नुसती घेतली तरी ऐकणारा आपल्या पोटरीकडे आदरानं पाहतो. तिथे माणूस दमायच्या तयारीनंच जातो आणि ठरल्याप्रमाणे दमतो. कनकेश्वराला जाताना तुम्ही दर्शनाला गेलेले असता. हातात फुलाची पुडी, पायात चपला. इथे बसकण मारलीत तर ती कुठल्या तोंडानं मारायची? अवघड म्हणून नावाजलेल्या गोष्टीत हरण्याची सोय असते. सोप्या गोष्टीत ती कुणी केलेली नाही.

आणि त्यात त्या आजी आल्या. आखूड नेसलेलं नऊवारी, पाय अनवाणी, हातात दुधाची किटली, काखेत केळीच्या पानांची गुंडाळी. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. आम्ही बसलेलो पाहून थांबल्या, ते केवळ आमच्यासाठी. त्यांना थांबायची काही गरज नव्हती.

"मुंबयचे का?" त्यांनी विचारलं.

"हे पुण्याचे," मी लगेच मेहुण्याकडे बोट दाखवलं. "आजी, अजून किती?"

"ह्यो काय, आलाच."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. त्यांच्यासाठी ते आलंच होतं. कोकणातलं अंतर सांगणाऱ्याच्या पायांत मोजलेलं असतं, आणि ते पाय आपल्याला उसने मिळत नाहीत. आजी पुढे गेल्या. एका वळणावर दिसल्या, दुसऱ्या वळणावर दिसल्या नाहीत. पुढे नागोबाचा टप्पा म्हणतात तिथे आम्ही तिसऱ्यांदा बसलो, तेव्हा त्या रिकामी किटली घेऊन परत येत होत्या. या खेपेला त्या थांबल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बसा, बसा." त्यात टोमणा नव्हता, हेच मेहुण्याला जास्त लागलं.

नागोबानंतर मात्र डोंगराला दया येते. चढ मवाळ होतो, झाडी दाट होते, आणि आपण काही बोलू शकतो हे एकमेकांच्या लक्षात येतं. वर दगडी बांधणीची प्रशस्त पुष्करणी आहे. तिच्या काठी बसल्यावर काही काळ कुणाला देवळात जायचीही आठवण झाली नाही. शंकर भोळा आहे, तो समजून घेतो. देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. गाभाऱ्यात असा गारवा की मेहुण्याची बायको प्रदक्षिणा सोडून खांबाला टेकून उभी राहिली. तिनं सबंध चढणीत एकदाही तक्रार केली नव्हती. किंवा केली असेल. बोलण्याइतका श्वास आमच्यापैकी कुणाला होता हे सांगता येत नाही. वरच्या एका घरात कोकम सरबत मिळालं. पाणी, साखर, कोकम, मीठ, जिरं, यातलं प्रत्येक सामान कुणाच्या तरी डोक्यावरून त्याच पायऱ्यांनी वर आलेलं असणार, हे पेला हातात घेतल्यावर डोक्यात आलं. किमतीबद्दल घासाघीस करायची हिला सवय आहे. तिनं मुकाट्यानं पैसे दिले.

झाडीतून एका जागी समुद्र उघडा पडतो. खाली खांदेरी आणि उंदेरी, दोन्ही किल्ल्यांची बेटं पाण्यात बसलेली. खांदेरी शिवाजी महाराजांनी 1679 साली बांधायला घेतली, तेव्हा इंग्रजांनी आरमार आणून अडवून पाहिलं, पण काम झालंच. 2025 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. मेहुणा बराच वेळ तिकडे बघत होता. मला वाटलं, इतिहासात हरवलाय. मग तो म्हणाला, "भावोजी, तिथे होडीत बसून जातात ना?"

उतरण्याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. घासून गुळगुळीत झालेल्या दगडांवर आम्ही आडवे होत, हात धरत, चौघांचा मिळून एक जीव असल्यासारखे उतरलो. नागावला पोचायला अडीच वाजले. घरमालकांच्या आईंनीच पानं वाढली. सुरमई, सोलकढी, आंबोळी. "कसं झालं दर्शन?" असं त्यांनी विचारलं आणि आम्ही चौघांनी "छान" म्हटलं. दर सोमवारी जाणाऱ्या त्याच या.

पुढचा प्रवास ठरल्याप्रमाणे बसून झाला. चौलच्या वाड्या, रेवदंड्याचा पूल, आणि कोर्लई, जिथे किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीजातून निपजलेली क्रिस्ती बोली अजून बोलतात. किल्ला वर डोंगरावर आहे. आम्हाला भाषेत अधिक रस वाटला. आगरदांड्याला गाडी जंगलजेटीत घातली आणि पलीकडे दिघीला उतरेपर्यंत कुणी गाडीचं दार उघडलं नाही.

परवा मेहुण्याकडे पुण्याला गेलो होतो, त्याचे रविवारचे सिंहगडवाले मित्र आले होते. कनकेश्वराची गोष्ट निघाली. आता तो "कनकेश्वरचा ट्रेक" झाला आहे. उंची पंधराशे फुटांवर गेली आहे, पायऱ्या पडझडीच्या झाल्या आहेत, आणि उन्हाचा पारा मी तिथे असताना होता त्यापेक्षा बराच वर चढला आहे. मित्र ऐकत होते, एकानं तर वाटेची माहितीही लिहून घेतली. वर पाण्याची सोय आहे का, सोबत दोर लागेल का, असंही विचारलं. मेहुण्यानं क्षणभर विचार करून "दोर नाही लागत" असं प्रामाणिकपणे सांगितलं. आजींचा उल्लेख सबंध हकिकतीत कुठेच आला नाही. मीही काढला नाही. शेवटी बायकोच्या माहेरी जेवायचं होतं.