‘के’ किती? : नाट्यनिर्मात्यांस एका प्रेक्षकाचं अनावृत पत्र

माननीय निर्माते महोदय,


तुमच्या नव्या नाटकासाठी नट हवे असल्याची सूचना फिरत फिरत माझ्याही फोनवर आली. नाव, वय, उंची, दोन फोटो, इन्स्टाग्रामची लिंक आणि फॉलोअर्सची संख्या असे रकाने होते. सर्वांत खाली बारीक अक्षरांत, ‘अभिनयाचा अनुभव असल्यास उत्तम’. वाचून मन भरून आलं. अनुभव असलेल्यांना थेट अपात्र ठरवलं नाही, हा तुमचा मोठेपणा.

मी नट नाही. पदरचे पैसे देऊन नाटक बघणारा आहे, म्हणजे तुमच्या धंद्यात ज्याला कोणी काही विचारत नाही तो. तरीही तुमचं अभिनंदन करावंसं वाटलं. ऑडिशन घ्यायची म्हणजे हॉलचं भाडं आलं, चहा आला, दिवसभर तोच उतारा नव्या नव्या तोंडून ऐकणं आलं, आणि एवढं ऐकून आपल्याला अभिनयातलं काही कळतं का, हा अवघड प्रश्नही आलाच. आकडा बघितला की सगळं टळतं. ऐंशी ‘के’वाल्यापेक्षा, म्हणजे ऐंशी हजार फॉलोअर्सवाल्यापेक्षा, दोनशे ‘के’वाला मोठा, हे ठरवायला तालमीला बसावं लागत नाही.

खंत एवढीच की ही युक्ती फार उशिरा सापडली. दादासाहेब फाळक्यांचंच बघा. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना ते घेऊन आले. 1913 साली साळुंक्यांचा रीच तो किती? फार तर त्या हॉटेलातली टेबलं. बरं, एकदा चुकले म्हणून सुधारावं, तर 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांना त्यांनी राम केलं आणि सीताही केलं. दोन नट घेतले असते तर दोघांच्या फॉलोअर्सची बेरीज झाली असती. भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्याला एवढा साधा हिशेब सुचू नये!

नागराज मंजुळ्यांना तर हा हिशेब माहीत असायला काही हरकत नव्हती. त्यांच्या वेळी इन्स्टाग्राम होतं. तरी त्यांनी अकलूजची एक शाळकरी मुलगी नायिका म्हणून उभी केली. रिंकू राजगुरूचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला तो मार्च 2016 मध्ये, आणि ‘सैराट’ थिएटरात लागला 29 एप्रिलला. म्हणजे जगाने तिला ओळखण्याआधी परीक्षकांनी तिचं काम बघितलं. किती उफराटा क्रम! फॉलोअर्स मागाहून आले. शंभर कोटी कमावणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून आज ‘सैराट’चं नाव घेतात, पण असल्या योगायोगांवर धंदा चालत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार.

लेखकाच्या निवडीतही हीच दक्षता ठेवा. जी. ए. कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ धारवाडला राहत. सभा-समारंभ टाळायचे, डोळ्यांवर काळा चष्मा. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तर तोही परत केला. तुमच्या सोशल मीडियावाल्या पोरांनी त्या काळ्या चष्म्यावर काहीतरी उभं केलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

आता थोडं सरळ बोलतो. तुमची अडचण मला दिसते. वर्तमानपत्रातली जाहिरात महाग, थिएटरचं भाडं वाढलेलं, बसचं डिझेल, शिवाय हातात मोजके शनिवार-रविवार. नटाने घरबसल्या रील टाकून लाखभर लोकांपर्यंत नाटक पोचवलं तर कोणाला नको आहे? फक्त यात एक गोम आहे. जाहिरातीचे पैसे वाचवायला निघालात आणि नटाच्या जागी जाहिरातच रंगमंचावर उभी करून बसलात. पडदा वर गेला की तिला अडीच तास उभं राहावं लागतं. रिटेक नाही, कट नाही, खाली अक्षरं येत नाहीत. हशा आला तर थांबायचं किती आणि पुढचं वाक्य उचलायचं कधी, हे अंगी यायला प्रयोगांमागून प्रयोग जावे लागतात.

असा एक प्रयोग मी मध्यंतरी पाहिला. नाव सांगत नाही. नायकाच्या रीलला म्हणे लाखांनी लाइक होते, थिएटर मात्र निम्मं रिकामं. नायकाचं बोलणं पाचव्या रांगेपर्यंत कसंबसं आलं, पुढे ते बहुधा अल्गोरिदमने अडवलं. दुसऱ्या अंकात घरगड्याच्या कामातला एक मध्यमवयीन नट ट्रे घेऊन आत आला, काही न बोलता मालकाकडे बघून उभा राहिला, आणि त्या विरळ प्रेक्षागृहातून टाळी आली. त्याचं नाव जाहिरातीत नव्हतं. नंतर मी ते डोअरकीपरला विचारलं, त्यालाही आठवेना. प्रयोग संपल्यावर नायकाभोवती सेल्फीची गर्दी होती आणि घरगडी कपडेपटाची पेटी बसमध्ये चढवायला हात लावत होता. त्याच्या पाकिटात किती ‘नाइट’, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, होती, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

फॉलोअर आणि प्रेक्षक ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिला अंगठ्याने वर सरकवतो आणि पुढे जातो. दुसरा लोकलमधून उतरून, रिक्षा करून, घरच्यांना घेऊन, नाटक पडलं तर शिव्या देत परत जायच्या तयारीने येतो. पहिल्याची गणती विकतही मिळते. दुसऱ्याला आणायला काम चांगलं व्हावं लागतं. ज्यांच्याकडे फॉलोअर्सही आहेत आणि कामही, त्यांना माझा नमस्कार. त्यांना आकडा सांगावा लागत नाही. माझी काळजी आहे ती जो पोरगा सकाळी आवाजाचा रियाज सोडून रीलसाठी प्रकाश शोधत फिरतो त्याची, आणि जिचं काम कोणत्याच रीलमध्ये मावत नाही त्या प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीची. ‘मानधन नाही, पण एक्सपोजर मिळेल’ हे दोघांनाही ऐकवलं जातं. थिएटरवाल्याला भाडं एक्सपोजरमध्ये देऊन बघा एकदा.

माणसं निवडायच्या जुन्या रीती आहेत, आणि त्या निर्दोष नव्हत्या. आकाशवाणी गाणं-वाजवणं ऐकून बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी देते. बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री असताना या चाचणीवरून गवयांनी मोठा गहजब केला होता. याच केसकरांनी रेडिओवरचं सिनेसंगीत बंद करून श्रोते रेडिओ सिलोनच्या ओटीत घातले, म्हणजे त्यांचा कान काही देवाचा नव्हता. पण भांडण होतं ते गाण्यावरून.

आणि महाविद्यालयीन एकांकिकांच्या स्पर्धेचा पुण्याचा पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासकांनी 1963 मध्ये सुरू केला. 2022 साली परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, त्या तोडीची एकांकिका नाही म्हणून. पोरं चिडली, उलटसुलट बोलणं झालं. मला मात्र तो निकाल मोलाचा वाटतो. तुमच्या आकड्याला हे कधी जमणार नाही. त्याच्या यादीत पहिला नंबर कोणीतरी असतोच, मग तो स्टेजवर काहीही करो.

तेव्हा विनंती अशी. तो फॉलोअर्सचा रकाना खोडा. पहिल्या फेरीत नुसता आवाज ऐका, चेहरा आणि नाव नंतर बघा. घरगड्याचं काम करणाऱ्याचं नाव जाहिरातीत छापा, प्रकाशवालीचंही, आणि दोघांची नाइट वेळेवर द्या. नवी माणसं कुठे शोधायची हा प्रश्न असेल, तर पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात याच करंडकासाठी ‘आवाज कुणाचा’च्या आरोळ्या सुरू असतात. फोन बंद ठेवून तिथे एक दिवस बसा, आणि जो चांगला वाटेल त्याला बाहेर गाठून तालमीची तारीख द्या.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक
(बाल्कनी, मागची रांग)